चार पैसे पदरी : तीन तासांचं काम आणि उरले दहा रुपये

या खेपेस सगळी जागा एकाच पत्राला देते आहे. पत्र कराडकडच्या एका भगिनीचं आहे. नाव छापू नका असं त्यांनी पत्राच्या शेवटी दोनदा बजावलं आहे, तेव्हा नाव राहू दे. पण प्रश्न काही त्यांच्या एकटीचा नाही. शिवणाचं मशीन घेऊन बसलेल्या, शिकवण्या घेणाऱ्या, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांनाच तो कधी ना कधी पडलेला असतो. म्हणून म्हटलं, वही-पेन्सिल घेऊन सावकाश बसू आणि उत्तर काढू.

या भगिनी बरीच वर्षं घरच्या घरी आयब्रो, मेंदी, नवरीची वेणीफणी असं करत होत्या. नंतर पुण्याला राहून त्यांनी आयलॅश एक्स्टेन्शनचा कोर्स केला. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात. त्यातल्या एकेका केसावर, चिमट्यानं धरून, एक बारीक कृत्रिम केस खास ग्लूनं चिकटवायचा. साध्या म्हणजे ‘क्लासिक’ सेटला हा केस साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीचा असतो. गिऱ्हाईक डोळे मिटून निजलेलं, खालच्या पापण्या जेलच्या पट्टीखाली झाकलेल्या, आणि करणारी दिव्याखाली मान मोडून बसलेली. सराईत हाताला दीड-दोन तास पुरतात. नवख्या हाताला तीन तास सहज लागतात.

आता पत्रातली हकिकत ऐका. कोर्सची फी २४,००० रुपये. बेड, दिवा, चिमटे वगैरे सामान १८,००० रुपये. एकूण ४२,०००. हे पैसे आले कुठून? मुलाच्या दहावीच्या क्लाससाठी ठेवलेली ठेव मोडली. यजमान कुरकुरले, तेव्हा यांनी शब्द दिला, “दोन वर्षांत ठेव होती तशी करून देते.” भाव ठेवला पाचशे रुपये. ‘आपण नवीन, जास्त कसं मागायचं?’ असा विचार. दोन महिन्यांत वीस सेट केले. मान धरली, पाठ धरली, पण ठेवीत एक रुपया परत गेला नाही.

त्यात एक विघ्न आलं. लग्नाला निघालेल्या एक बाई घाईघाईनं आल्या. एक डोळा जरा लाल होता. “प्रवासानं झालाय हो,” म्हणाल्या. पॅच टेस्टला वेळ नव्हता. या म्हणतात, “पाचशे रुपये हातचे सोडवेनात.” काम केलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंचे डोळे सुजले, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. बाईंचे यजमान दारात येऊन नको नको ते बोलले, आणि ते सासूबाईंनी ऐकलं. पाचशे परत केले, औषधपाण्याचे नऊशे वर दिले. बाईंचे डोळे आता बरे आहेत. पण तेव्हापासून चिमटा धरला की यांचा हात कापतो.

पत्राचा शेवट असा आहे : “लोकांचा विश्वास परत मिळावा म्हणून भाव चारशे करू का? की हे सगळं बंदच करून टाकू?”

ताई, दोन्ही करू नका. आधी डोळ्याचं बोलू, मग पैशाचं. तुमच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आधी डोळा

डोळा लाल असेल, चिकट पाणी येत असेल, रांजणवाडी असेल, पापणीच्या कडेला खाज किंवा खपल्या असतील, डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर काम करायचं नाही. मग समोर नवरी असो की नवरीची आई. लेन्स लावणाऱ्या बाईला लेन्स काढूनच निजवायचं.

हा ग्लू सायनोॲक्रिलेट जातीचा असतो. काहींना त्याची ॲलर्जी असते. म्हणून दोन-चार केस लावून पॅच टेस्ट घ्यायची, ती कामाच्या निदान २४ तास आणि शक्यतो ४८ तास आधी. टेस्ट चांगली आली म्हणजे कायमची हमी मिळाली असं मात्र नाही. चार-पाच खेपा नीट जाऊन पुढच्या खेपेला ॲलर्जी उठलेली आढळते. तेव्हा प्रत्येक खेपेला दोन प्रश्न विचारायचे आणि वहीत उत्तर लिहून ठेवायचं : मागच्या वेळी खाज आली होती का? पापणी सुजली होती का? आणि सूज आलीच, तर गिऱ्हाइकाला केस ओढून काढू द्यायचे नाहीत; त्यानं मूळची पापणी उपटून येते. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं.

हे सगळं तुम्ही कोर्सात शिकला होतात, ताई. मग त्या दिवशी विसरलात का? विसरला नव्हतात. पाचशे रुपये सोडवले नाहीत, असं तुम्हीच लिहिलं आहे. तोकडा भाव ठेवला की असं होतं. प्रत्येक गिऱ्हाईक धरून ठेवावंसं वाटतं. चांगल्या ग्लूऐवजी स्वस्तातला आणावासा वाटतो, महिनाभर उघडा असलेला ग्लू आणखी महिनाभर ओढावासा वाटतो, तीन तासांचं काम दोन तासांत उरकावंसं वाटतं, आणि मग दोन-तीन पापण्या एकत्र चिकटतात. म्हणून भाव ठरवताना पहिला नियम असा : लाल डोळ्याला ‘आज नको, बाई’ म्हणण्याची ऐपत त्या भावात असली पाहिजे. चारशे रुपयांत ती ऐपत आणखीच कमी होईल.

आता वही उघडा

खालचे आकडे त्यांच्या पत्रातल्या खर्चावरून मांडले आहेत. तुमच्या गावातले, तुमच्या दुकानदाराचे भाव वेगळे असतील, तेव्हा आकडे तुमचे घाला. रीत मात्र हीच ठेवा. त्यांच्याकडे महिन्याला सरासरी दहा सेट झाले.

एका सेटला लागणारं सामान :
जेलच्या पट्ट्यांची जोडी – २० रुपये
कागदी टेप – १० रुपये
कृत्रिम केस – ६० रुपये
ग्लू – १२० रुपये
पापण्या धुण्याचा फेस, प्रायमर, छोटे ब्रश, मास्क – ३० रुपये
चिमट्यांचं निर्जंतुकीकरण, टॉवेल-चादरीची धुलाई – ३० रुपये
एकूण – २७० रुपये

ग्लूचे १२० पाहून पुष्कळजणी म्हणतील, “अहो, थेंबभर तर लागतो!” खरं आहे. पण पाच मिलिलिटरची १,२०० रुपयांची बाटली एकदा उघडली, की साधारण महिन्या-दीड महिन्यात तिचा जोर जातो. मग ती अर्धी भरलेली असली तरी टाकून द्यायची. म्हणजे हिशेब थेंबावर करून चालायचं नाही. बाटली महिन्याची, महिन्याची गिऱ्हाइकं दहा, म्हणून १,२०० भागिले दहा. वीस गिऱ्हाइकं असती तर हाच खर्च ६० वर आला असता.

आता दुसरा खर्च, जो गिऱ्हाईक आलं नाही तरी चालूच असतो :
१८,००० चं सामान तीन वर्षं टिकेल असं धरू, म्हणजे महिना – ५०० रुपये
२४,००० ची फी दोन वर्षांत फेडायची, म्हणजे महिना – १,००० रुपये
दिवा, पंखा, एसी यांची जादा वीज – ४०० रुपये
फोन, कार्डं, किरकोळ – ३०० रुपये
एकूण – २,२०० रुपये

दहा सेटांवर वाटले की एका सेटवर २२० रुपये पडले.

२७० आणि २२० मिळून झाले ४९०. गिऱ्हाइकानं दिले पाचशे. साडेतीन तासांच्या कामाला (तीन तास केस लावणं आणि अर्धा तास मांडामांड-आवराआवर) ताईंच्या पदरी उरले दहा रुपये! दोन महिन्यांच्या वीस सेटांचे दोनशे.

“पण हातात तर त्याहून जास्त येत होते,” असं त्या म्हणतील. बरोबर. १०,००० आले, सामानावर ५,४०० गेले, वीज-फोनवर १,४०० गेले. हातात राहिले ३,२००. त्यातले १,४०० त्या विघ्नात गेले, उरलेले दुधाच्या बिलात नि भाजीत कधी विरघळले ते कळलंही नाही. पण त्या ३,२०० मधले ३,००० ही मुळी कमाई नव्हतीच. ती मोडलेली ठेव होती, तुकड्या-तुकड्यानं परत येत होती. तिला वेगळा डबा नव्हता, म्हणून ती घरखर्चात गेली. बायकांच्या घरगुती उद्योगात हे फार होतं. पैसा येताना दिसतो, म्हणून धंदा चाललाय असं वाटतं.

तुमच्या तासाची मजुरी

आता खरा प्रश्न. या सगळ्यात तुमची मजुरी कुठे आहे?

आपण बायका पिठाचे पैसे धरतो, तेलाचे धरतो, गॅसचेही धरतो. हाताचे धरत नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचं काम सुरू केलं, तीच आजची लिज्जत. तिथे पीठ-मसाल्याचा खर्च वेगळा आणि लाटणाऱ्या भगिनीची किलोमागे ‘वणई’ वेगळी. लाटण्याचे पैसे आधी धरलेले, उरलंसुरलं म्हणून दिलेले नव्हेत. तुमच्या चिमट्याचीही अशी वणई असली पाहिजे.

किती धरायची? दोन बाजूंनी विचार करा. हेच तास तुम्ही दुसऱ्याच्या पार्लरमध्ये काम केलंत तर काय मिळेल? आणि तुम्ही बेडपाशी बसलेल्या असताना घरी पोळ्यांना बाई लावावी लागली, मुलाला रिक्षानं पाठवावं लागलं, तर काय जाईल? आपण सुरुवातीला तासाला १२० रुपये धरू. साडेतीन तासांचे झाले ४२०.

४९० आणि ४२० मिळून ९१०. त्यावर सुमारे दहा टक्के राखीव ठेवायचे. चिमटा पडून टोक वाकतं, एखादीचे केस पुन्हा लावून द्यावे लागतात, एखादी ऐनवेळी येत नाही. ९१ रुपये राखीव धरले की झाले १,००१. म्हणजे ताई, तुमचा भाव चारशे नाही आणि पाचशेही नाही. तो एक हजार रुपये आहे.

मग गावातल्या दुसऱ्या दोन-तीन ठिकाणचे दर विचारून घ्या. मात्र आपला हिशेब आधी झालेला हवा. शेजारणीचा दर पाहून आपला ठरवला, तर तिची चूक आपण उचलतो. गावातला दर आपल्या हिशेबाच्या फार खाली असेल, तर सामान कुठे वाया जातं ते शोधा, वेळ कुठे जातो ते शोधा. मजुरी मात्र गुपचूप पुसून टाकू नका.

“गिऱ्हाईक निघून गेलं तर?”

ही धास्ती सगळ्यांनाच असते. तेव्हा वाईटात वाईट धरू. भाव हजार केला आणि निम्मी गिऱ्हाइकं गेली. दहाच्या जागी पाचच राहिली.

पाच सेटांचे आले ५,०००. ग्लूची बाटली १,२०० ची लागलीच. बाकीचं सामान सेटमागे १५० प्रमाणे ७५०. महिन्याचा ठरलेला खर्च २,२००. एकूण ४,१५०. उरले ८५०.

पूर्वी दहा सेट करून, ३५ तास मान मोडून, महिन्याला शंभर रुपये उरत होते. आता निम्म्या वेळात साडेआठशे उरतील. आणि रिकाम्या वेळात हात सुधारता येईल, लाल डोळ्याला नाही म्हणता येईल. ही बेरीज एकदा स्वतःच्या हातानं करून पाहा. मनातली भीती निम्मी तरी उतरेल.

“पण मी तर नवीन आहे!”

नवखेपणाचा विचार जरूर करावा, पण त्याची जागा वेगळी आहे. पहिल्या आठ-दहा जणींना शिकाऊ दर लावा. सामानापुरते तीनशे रुपये घ्या आणि आधीच स्पष्ट सांगा, “मी हात बसवते आहे, तीन तास लागतील, फोटो काढू द्यावा लागेल. माझा नेहमीचा दर एक हजार आहे.” नेहमीचा दर त्याच दिवशी सांगायचा, म्हणजे पुढच्या खेपेला तोंड वाकडं होत नाही. दहा झाल्या की शिकाऊ दर बंद.

आपल्या ताईंचं चुकलं ते इथे. त्यांनी शिकाऊ दर आणि नेहमीचा दर एकच ठेवला, आणि तो कधी संपणार हेही ठरवलं नाही.

दुसरी गोष्ट. आज तीन तास लागतात म्हणून तासांप्रमाणे भाव वाढवू नये. आपल्या संथपणाचे पैसे गिऱ्हाइकानं का द्यावे? तसंच उद्या दोन तासांत काम व्हायला लागलं म्हणून भाव उतरवूही नये. समजा सहा महिन्यांनी आवराआवरीसकट अडीच तास लागू लागले आणि महिन्याला सोळा सेट होऊ लागले. मग ग्लूचे सेटमागे ७५ पडतील, सामान एकूण २२५, ठरलेला खर्च सुमारे १३८. हजारातून ३६३ गेले, ६३७ उरले. तासाला अडीचशेच्या वर झाले! हीच तुमची पगारवाढ. ती हाताच्या सफाईनं मिळाली, गिऱ्हाइकाच्या खिशातून एक रुपया जास्त न काढता.

आणि ‘व्हॉल्यूम’ची मागणी आली, तर शिकल्याशिवाय हो म्हणू नका. त्यात फार बारीक केसांचा पंखा करून एका पापणीवर लावतात. वेळ जास्त लागतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

रिफिल अर्ध्या भावात का नाही?

पापणीच्या केसांचं आयुष्य ठरलेलं असतं. रोज एक-दोन, कधी चार-पाच आपोआप गळतात आणि लावलेला केस त्यांच्याबरोबर जातो. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी रिफिल करावं लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, “अर्धेच तर लावायचेत, अर्धे पैसे घ्या.” पण पट्ट्या तेवढ्याच, टेप तेवढाच, ग्लूची बाटली तीच, चादर धुणं तेच. कमी होतात ते केसांचे तीस रुपये आणि वेळ. सामान २४०, ठरलेल्या खर्चाचा वाटा २२०, दोन तासांची मजुरी २४०, मिळून सातशे. इथे राखीव धरले नाहीत तरी चालतील. नेमानं येणाऱ्या बाईमुळेच ग्लूचा आणि महिन्याचा खर्च जास्त जणींवर वाटला जातो.

अटी मात्र कार्डावर छापून घ्या : तीन आठवड्यांच्या आत आणि निम्मे तरी केस शिल्लक असतील तरच रिफिल; नाहीतर नवीन सेट. दुसरीकडे केलेलं काम असेल तर ते आधी काढायचं, आणि काढण्याचे पैसे वेगळे. कामानंतर तीन-चार दिवसांतच भराभर केस गळले, तर चूक आपली समजून फुकट लावून द्यायचे. पण डोळ्याला खोबरेल चोळलं, तेलकट क्लीन्सरनं काजळ पुसलं, पालथं निजलं, तर ते आपल्या माथी नको. म्हणून निघताना हे नियम तोंडी सांगा आणि कार्डही हातात द्या.

घरचं गिऱ्हाईक

आता नाजूक जागेकडे येते. नणंदबाई म्हणतात, “वहिनी, मला तर फुकटच ना?” जाऊबाईंची बहीण येते. सोसायटीतल्या काकू म्हणतात, “आम्हीच तर तुला चार जणी पाठवल्या.” नाही म्हणावं तर नातं दुखावतं, हो म्हणावं तर दर खेपेस २७० रुपयांचं सामान आणि साडेतीन तास जातात.

यावर एक रीत सांगते. वर्षाला किती सेट घरच्यांना भेट द्यायचे ते संक्रांतीलाच ठरवून टाका. समजा चार. नणंदेच्या वाढदिवसाला एक, जाऊबाईंना मंगळागौरीला एक, असे. द्यायचे ते मनापासून द्या, आणि वहीत ‘भेट, रुपये १,०००’ असं लिहा. बाकी वेळी घरच्यांना दहा टक्के सूट, म्हणजे नऊशे. नणंदबाईंना सांगावं, “ताई, तुमच्या वाढदिवसाचा सेट माझ्याकडून. एरवी मात्र मला सामान विकत आणावं लागतं हो.” शहाणी नणंद यावर रुसत नाही. आणि रुसलीच, तर साडीच्या दुकानात ती स्वतः पैसे देऊनच येते, हे मनाशी आठवावं!

भाव सांगायचा कसा?

पुष्कळजणींचा भाव वहीत बरोबर असतो आणि ओठांवर आला की घसरतो. “तुम्हाला काय द्यायचं ते द्या,” हे वाक्य तर आजपासून बंद. समोरच्या बाईलाही त्यानं अवघडल्यासारखंच होतं.

असं म्हणा : “माझा दर एक हजार रुपये. त्यात पॅच टेस्ट, पूर्ण सेट आणि तीन दिवसांत काही गळले तर पुन्हा लावून देणं आलं.” एवढं बोलून थांबा. पुढे ‘पण तुमच्यासाठी...’ असं जोडू नका. समोरची बाई गप्प बसली, की आपण घाबरून शंभर रुपये आपणच कमी करतो. गप्प बसू द्या. ती मनात आपला हिशेब करत असते. तिला परवडत नसेल तर तिचा मान राखून म्हणा, “काही हरकत नाही, आयब्रोला या.” आपलं काम डाळ-तांदळासारखं गरजेचं नाही, नको म्हणायचा तिलाही हक्क आहे.

वेळ ठरवताना दोनशे रुपये आगाऊ घ्या. हल्ली फोनवरून क्षणात येतात. डोळा लाल निघाला म्हणून तुम्ही नाही म्हणालात, तर ते दोनशे तिच्यासमोरच परत करा. तिनं आदल्या दिवशीपर्यंत कळवलं तर पुढच्या तारखेला धरा. न कळवता आली नाही, तर तुमचे.

हंगाम आणि हवा

दहा सेट ही सरासरी झाली. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, तेव्हा महिन्याला अठराही होतील. पितृपक्षात तीन होणंही मुश्कील. म्हणून चांगल्या महिन्यातले राखीव पैसे मंद महिन्यासाठी ठेवायचे, आणि पितृपक्षाच्या तोंडावर ग्लूची नवी बाटली फोडायची नाही.

हवेचंही लक्षात असू द्या. हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानं सुकतो. साधारण ४५ ते ६० टक्के दमटपणा बहुतेक ग्लूंना मानवतो. कोकणात पावसाळ्यात थेंब बघता बघता घट्ट होतो, सारखा बदलावा लागतो आणि ग्लू जास्त लागतो. विदर्भात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो सुकायलाच वेळ घेतो आणि तुमचा वेळ वाढतो. दमटपणा मोजायचं छोटं घड्याळ मिळतं, ते बेडजवळ ठेवा. कोकणातल्या आणि नागपूरच्या भगिनींनी ग्लूचा आणि वेळेचा आकडा आपल्या हवेप्रमाणे मांडावा.

कागदपत्रांचं दोन वाक्यांत सांगते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे थोडीच माणसं कामाला असतील, तर ऑनलाइन नुसती सूचना द्यायची असते. आणि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसताना बिलात मात्र तो कर लावायचा नाही.

आता कराडच्या ताईंसाठी

ताई, या आठवड्यात चारच गोष्टी करा.

पहिली, तीन डबे करा. एक सामानाचा, एक ठेवीचा, एक मजुरीचा. गिऱ्हाइकाचे हजार आले की त्याच दिवशी वाटून टाका. सामान, वीज-फोन आणि राखीव मिळून ४३० पहिल्या डब्यात. दीडशे ठेवीच्या डब्यात. ४२० तुमचे. महिन्याला दहा सेट झाले तर ठेवीत दीड हजार पडतील. मजुरीतून आणखी अडीचशे टाकलेत, की महिना १,७५० होतात आणि दोन वर्षांत बरोबर ४२,०००. यजमानांना दिलेला शब्द पाळला जाईल.

दुसरी, जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी कळवा. “पुढच्या महिन्यापासून नवीन दर” एवढं पुरे. कारणांची माळ लावू नका, माफी मागू नका.

तिसरी, ज्या बाईंचे डोळे सुजले होते त्यांच्याकडे एकदा जाऊन या. पैसे तुम्ही दिलेच आहेत. आता एवढंच सांगून या, की “लाल डोळ्यावर काम करायला नको होतं, ते माझं चुकलं. आता मी टेस्टशिवाय काम करत नाही.” हात कापतो तो भावामुळे नव्हे, ही गोष्ट मनात अडकली आहे म्हणून. ती बोलून मोकळी करा.

चौथी, वहीतला हा हिशेब यजमानांना आणि सासूबाईंना दाखवा. आजवर त्यांनी तुमचे तीन तास पाहिले आणि दारातलं भांडण ऐकलं. बेरीज कुणी पाहिली नाही. दहा रुपये पाहून सासूबाईच म्हणतील, “अगं, मग एवढं राबलीस कशाला?” तेव्हा हजाराचा आकडा पुढे करा.

बाकीच्या मैत्रिणींनो, तुम्ही ब्लाउज शिवत असा की चकल्या करत असा, आज रात्री मागचं आवरलं की वहीच्या एका पानावर तीनच ओळी लिहा : सामान किती, महिन्याचा ठरलेला खर्च किती, माझी मजुरी किती. तिसरी ओळ रिकामी निघाली तर आकड्यांसकट मला पत्र पाठवा. नाव छापणार नाही. हिशेब मात्र इथे मिळून मांडू.